दुकानातून ग्राहकाची माहिती गळते कुठून? नागपूरच्या लहान व्यावसायिकांसाठी कामाचा लेख

मार्च उजाडला की सक्करदरा, मानेवाडा, नंदनवन भागातल्या कूलर दुरुस्तीच्या दुकानांत एक वही भरू लागते. ग्राहकाचं नाव, मोबाइल, पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात कारागिराच्या लक्षात राहावं म्हणून खरडलेले दोन शब्द: ‘मागच्या दाराने जाणे’, ‘चावी शेजारी’, ‘दुपारी काकू एकट्याच’, ‘२० मे ते ५ जून गावी’. दुकानदाराच्या लेखी ही साधी कामाची नोंद. पण ही वही काउंटरवर उघडी पडलेली असते, आणि समोर उभ्या माणसाला तिचा फोटो काढायला पाच सेकंदही लागत नाहीत.

माहिती जपायची म्हटलं की लोकांना कुठलातरी हॅकर आठवतो. लहान दुकानाची माहिती बहुतेक वेळा इतक्या दुरून जात नाही. ती जाते वहीतून, कामावरून गेलेल्या पोराच्या मोबाइलमधून, रद्दीतून, झेरॉक्सवाल्याच्या डाउनलोड फोल्डरमधून आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून. म्हणून इथल्या पायऱ्यांमध्ये महागडं सॉफ्टवेअर जवळजवळ नाही. एक दुपार, एक फुलस्केप कागद आणि थोडी शिस्त एवढ्यावर बरंच काम होतं.

आधी, हे सगळं कशासाठी?

फसवणूक करणाऱ्याला ग्राहकाचा नुसता नंबर मिळाला तर फारसं काही साधत नाही. अनोळखी फोनवर लोक आता लवकर भुलत नाहीत. पण समजा फोनवरचा माणूस म्हणाला, ‘काकाजी, १२ तारखेला तुमच्या कूलरची मोटर बदलली, ८५० रुपये दिले ना? तिची वॉरंटी नोंदवायची राहिली, लिंक पाठवतो.’ तारीख बरोबर, रक्कम बरोबर, काम बरोबर. काकाजी लिंक उघडतात. त्यांचे पैसे गेले की ते त्या ठगाला शिव्या देणार नाहीत, तुमच्या दुकानात येऊन उभे राहतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. इतकी बारीक माहिती दुसऱ्या कोणाकडे होती?

दुसरं कारण निव्वळ धंद्याचं. दहा वर्षांत जमवलेली ग्राहकांची यादी एका संध्याकाळी पेन ड्राइव्हवर शेजारच्या चौकातल्या नव्या दुकानात जाऊ शकते.

तिसरं कायद्याचं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडेही होते. पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना नियमांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याचा दंड कमाल २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांसाठीची वरची मर्यादा समजा. कूलरच्या दुकानाला कोणी २५० कोटी लावणार नाही, कारण दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य आणि परिणाम पाहावे लागतात. पण ‘आपण लहान, आपल्याला लागू नाही’ ही समजूत मात्र खोटी आहे. कागदी वही कायद्याबाहेर आहे असं वाटत असेल तर तेही अर्धंच खरं: वहीतली नोंद रात्री एक्सेलमध्ये चढवली की ती डिजिटल झाली.

आणि मे २०२७ ची वाट पाहायचीही गरज नाही. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आजही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पहिली पायरी: एका कागदावर यादी

दुकान बंद असेल त्या दिवशीची एक दुपार काढा. फुलस्केप कागदावर पाच रकाने आखा: काय माहिती घेतो, कशासाठी, कुठे राहते, कोणाच्या हाताला लागते, कधी काढून टाकायची. मग दुकानात दारापासून आत चालत जा आणि दिसेल ते लिहा. टेबलाशी बसून आठवून लिहिलं तर अर्धं सुटतं.

हमखास सुटणाऱ्या गोष्टी: कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), चालू नसलेला जुना मोबाइल, कुरिअरच्या पावत्यांचं पुस्तक, शिंप्याकडची मापाची वही (हो, ब्लाउजचं माप हीसुद्धा खासगी माहिती आहे), चष्म्याच्या दुकानातले नंबरचे कार्ड, अकाउंटंटला पाठवलेल्या फाइली, आणि भिंतीवर चिकटवलेली ‘उधारी बाकी’ची यादी. ती शेवटची तर आजच काढा. उधारीवाल्याला लाज वाटून तो पैसे देतो की दुकान बदलतो, हे अनुभवी दुकानदाराला सांगायला नको.

‘कशासाठी’ या रकान्यासमोर काही सुचलंच नाही तर ती माहिती घेणं बंद करायचं. या एका रकान्यानेच वहीचा बराच भार हलका होतो.

दुसरी पायरी: कमी घ्या

काउंटरवर ‘नंबर बोला’ म्हटलं की ग्राहक दहा आकडे मोठ्याने म्हणतो आणि मागच्या रांगेतले चार जण ऐकतात. एखादी मुलगी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) खरेदीला आली असेल तर तिच्यासाठी हा साधा प्रश्न राहत नाही. नंबर खरोखर हवा असेल तर चिठ्ठी आणि पेन पुढे करा, किंवा कीपॅड तिच्याकडे वळवा. आणि ‘नंबर नाही देत’ म्हणणाऱ्याचं बिल अडवू नका. बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच केली आहे. बिलिंग सॉफ्टवेअर नंबराशिवाय पुढे जात नसेल तर विक्रेत्याला सांगून तो रकाना ऐच्छिक करून घ्या. कोणाचातरी खोटा नंबर टाकून काम चालवलं तर तुमचे मेसेज भलत्याच माणसाला जातात.

जीएसटीसाठी नाव-पत्ता लागतो, असंही बरेच जण सांगतात. दुकानातल्या नेहमीच्या विक्रीत, ग्राहक नोंदणीकृत नसेल तर ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त मालाच्या बिलावरच नाव आणि पत्ता बंधनकारक आहे. त्याखालच्या बिलाला नाही. सराफ्यात २ लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. ५,००० च्या तोरड्यांना लागत नाही.

इथे एक साधी युक्ती फार कामाची आहे: बिल वेगळं, कामाची चिठ्ठी वेगळी. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बिलावरच पत्ता, ‘चावी शेजारी’ वगैरे लिहिलं की तेही सहा वर्षांहून जास्त काळ कपाटात राहतं. बिलावर फक्त काम आणि रक्कम लिहा. पत्ता आणि सूचना कारागिराच्या चिठ्ठीवर. चिठ्ठी संध्याकाळी परत घ्यायची, तक्रारीची मुदत संपेपर्यंत कुलुपात ठेवायची आणि मग नष्ट करायची. आणि ‘दुपारी एकट्या’ हे कुठेच लिहायचं नाही. ‘३ नंतर जाणे’ एवढं पुरतं.

जन्मतारखेचंही तसंच. वाढदिवसाचा मेसेज पाठवायला दिवस आणि महिना लागतो, साल लागत नाही. सालासकट जन्मतारीख म्हणजे बँकेच्या ओळख पटवण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

आधारची झेरॉक्स ही आपल्याकडची जुनी खोड. लॉज, होस्टेल, भाड्याने सामान देणारे, सगळे मागतात आणि कपाटात गठ्ठे साचतात. ओळख पाहायची असेल तर कार्ड पाहा, नाव जुळवा, परत द्या. नोंद ठेवायलाच हवी असेल तर मास्क केलेला आधार मागा. तो ग्राहकाला आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येतो आणि त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. संपूर्ण आधारची प्रत घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर प्रतीवर आडवं लिहा: कोणत्या कामासाठी, कोणत्या दुकानाला, कोणत्या तारखेला. असा कागद सिमकार्ड काढायला किंवा कर्ज उचलायला सहज वापरता येत नाही.

तिसरी पायरी: मोबाइल आणि व्हॉट्सॲप

आज बहुतेक लहान धंद्यांचं ऑफिस म्हणजे एक मोबाइल. दुकानाचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा ठेवा आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा. तो नंबर मालकाच्या नावावर असावा, नोकराच्या नाही. हे आधी ठरवलं नाही तर नोकर गेला की नंबरही जातो आणि ग्राहकही.

पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ६ आकडी पिन ठेवा, सोबत ईमेल द्या. ओटीपी कोणी फसवून काढून घेतला तरी हा पिन आडवा येतो. दुकानाचा पिनकोड पिन म्हणून ठेवू नका. ४४०००१ कोणीही पहिल्या झटक्यात टाकून पाहील.

दर सोमवारी दुकान उघडल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा. एका अकाउंटला चार उपकरणं जोडता येतात, आणि त्यातलं एखादं मागच्या उन्हाळ्यात कामाला असलेल्या पोराच्या घरच्या लॅपटॉपवर आजही चालू असू शकतं. ओळखीचं नसेल ते तिथेच लॉगआउट करा.

ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यांतला फरक न समजल्यामुळे सर्वाधिक गोंधळ होतो. मेसवाल्या काकू रोजचा मेनू कळवायला ‘आजची भाजी’ ग्रुप काढतात. त्यात होस्टेलच्या तीस मुली आणि पन्नास मुलं. आता प्रत्येकाकडे प्रत्येकीचा नंबर. ब्रॉडकास्ट यादीत तोच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. एका यादीत २५६ जण बसतात. मेसेज मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून डब्याचं पहिलं बिल देतानाच ‘नंबर सेव्ह करा’ म्हणून सांगायचं. जुना ग्रुप नुसता सोडून जाऊ नका. आधी सगळ्यांना काढा, मग ग्रुप डिलीट करा.

पॅथॉलॉजीचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्यांची चूक वेगळ्या प्रकारची असते. एकाच नावाच्या तीन बाया कॉन्टॅक्टमध्ये असतात आणि घाईत भलतीलाच रिपोर्ट जातो. कॉन्टॅक्ट सेव्ह करताना नावापुढे नोंदणी क्रमांक टाका, पाठवण्याआधी मोबाइलचे शेवटचे ४ आकडे पावतीशी जुळवा. गेलाच चुकून तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ लगेच करा, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. समोरच्याने आधीच फाइल उघडून उतरवली असेल तर ती त्याच्याकडे राहते. म्हणून फाइलला पासवर्ड लावून पाठवलेली बरी.

शिवाय व्हॉट्सॲपवर आलेले फोटो गॅलरीत पडतात, आणि गॅलरीतून गुगल फोटोजवर. कौटुंबिक अल्बमात ग्राहकांचे आधार कार्ड येऊन बसतात ते असे. चॅट्सच्या सेटिंगमधली मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा.

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं: यांनी जास्त वेळ द्यावा

कलेक्टर ऑफिस, विद्यापीठ, मेडिकल चौक परिसरात ओळीने झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं आहेत. दिवसाला शेकडो लोकांचे आधार, मार्कशीट, जातीचे दाखले, बँकेचे पासबुक या दुकानांच्या संगणकांतून जातात. मालकाला त्यातलं काहीही नको असतं, त्याला प्रत काढून मोकळं व्हायचं असतं. पण संगणक काहीच आपणहून विसरत नाही.

कागद येतो व्हॉट्सॲपवर, डाउनलोड फोल्डरमध्ये उतरतो, प्रिंट होतो, ग्राहक पैसे देऊन जातो. फाइल तिथेच. महिन्याने त्या फोल्डरमध्ये हजारो फाइली असतात, आणि फॉर्म भरायला आलेला पुढचा विद्यार्थी आपली फाइल शोधायला माउस स्वतःच्या हातात घेतो. त्याला काय काय दिसतं, याचा विचार करा.

यावर चार कामं करायची. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीखाली डिफॉल्ट मेसेज टाइमर २४ तासांवर ठेवा, म्हणजे नव्या चॅट आपोआप पुसल्या जातील. पण टाइमरचा डाउनलोड झालेल्या फाइलींशी संबंध नाही, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठी विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज, मग स्टोरेज सेन्स इथे जा. डाउनलोड फोल्डरसाठी १ दिवस निवडा, रिसायकल बिनसाठीही १ दिवस. स्वतःच्या कामाची एखादी फाइल डाउनलोडमध्ये ठेवायची सवय असेल तर ती आधी दुसरीकडे हलवा, नाहीतर दुकानाची दरपत्रिकाच उडेल. तिसरं, ग्राहकासाठी वेगळा मॉनिटर किंवा निदान वेगळं युजर अकाउंट. चौथं, फॉर्म भरायचा ब्राउझर इनकॉग्निटोमध्ये उघडा आणि ‘पासवर्ड सेव्ह करू का’ला कायम नकार द्या. ग्राहकाचा पासवर्ड तुमच्या वहीत लिहून ठेवणं ही सेवा वाटते खरी. पुढे त्याच्या अर्जात कोणी खाडाखोड केली तर पहिला संशय वहीवाल्यावर येतो.

मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्ये अनेकदा हार्ड डिस्क असते आणि स्कॅन, प्रिंटच्या प्रतिमा तिच्यावर साठू शकतात. मशीन भाड्याचं असेल, किंवा विकायचं असेल, तर उचलून नेण्याआधी टेक्निशियनकडून डिस्क पुसून घ्या आणि तसं चलनावर लिहून घ्या.

बिघडलेली प्रिंट उलटी करून दुसऱ्याच्या हिशेबाला वापरायची काटकसरही सोडावी लागेल. मागे कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला असतो.

चौथी पायरी: संगणक, कॅमेरा, बॅकअप

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानातला संगणक अजून त्याच्यावर असेल आणि त्यात ग्राहकांची यादी असेल, तर बदलाचं ठरवा.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला वेगळा युजर द्या. सगळे एकाच ‘ॲडमिन’मधून काम करत असले तर यादी कोणी एक्स्पोर्ट केली हे कधीच कळणार नाही. ‘एक्स्पोर्ट’ आणि ‘डिलीट’ ही दोन कामं मालकाच्या युजरकडेच ठेवा.

सॉफ्टवेअरवाला दुरुस्तीला एनीडेस्कवरून (दुरून संगणक चालवायच्या सॉफ्टवेअरवरून) जोडतो तेव्हा कधीकधी दर वेळी तुम्हाला त्रास नको म्हणून कायमचा पासवर्ड टाकून ठेवतो. म्हणजे तुम्ही घरी झोपलेले असताना तुमचा संगणक त्याला उघडा. सिक्युरिटी सेटिंगमध्ये अनअटेंडेड ॲक्सेस बंद करा, आणि काम संपेपर्यंत समोर बसा.

डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला का? कॅमेरा लावणारा पोरगा ‘ॲडमिन, १२३४५’ ठेवून जातो आणि मोबाइल ॲपमध्ये त्याचंही लॉगिन राहतं. पार्लर, शिवणकामाची दुकानं आणि कपड्यांच्या ट्रायल रूमजवळच्या कॅमेऱ्यांबाबत तर हे आज संध्याकाळी पाहा. ट्रायल रूमच्या आत कॅमेरा ठेवायचाच नसतो. बाहेरच्याचा कोनही तिच्या दाराकडे नको.

बॅकअपसाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक शनिवारी भरायची आणि घरी न्यायची, पुढच्या शनिवारी दुसरी. कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून धरू नका. खंडणीचा व्हायरस शिरला तर संगणकासोबत जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. मे महिन्यात डिस्क गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. बाहेर ४५ अंश असताना डिकीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. डिस्कला पासवर्डचं एन्क्रिप्शन लावा, आणि तीन महिन्यांतून एकदा एखादी फाइल परत उतरवून उघडते का पाहा. बॅकअप घेतला जातोय असं समजून वर्षभर रिकामं फोल्डर कॉपी करणारी दुकानं कमी नाहीत.

पाचवी पायरी: माणसं

नोकर सोडून जातो ती संध्याकाळ सगळ्यात महत्त्वाची. भांडण झालेलं असो वा नसो, त्याच दिवशी हे करायचं: लिंक्ड डिव्हाइसेस तपासणं, दुकानाच्या जीमेलचा पासवर्ड बदलून सगळीकडून साइनआउट करणं, गुगल शीटमधून त्याचं नाव काढणं, बिलिंगचा युजर बंद करणं, डीव्हीआरच्या ॲपमधून काढणं, किल्ली परत घेणं. ही यादी गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, ऐनवेळी आठवत नाही. काम लावतानाच एका साध्या कागदावर सही घ्या की ग्राहकांची माहिती दुकानाची आहे आणि ती बाहेर न्यायची नाही.

बाहेरची माणसंही यातच येतात. अकाउंटंटला पाठवलेल्या गुगल शीटवर ‘लिंक असलेला कोणीही’ असं सेटिंग असेल तर ‘रिस्ट्रिक्टेड’ करा आणि त्याचा ईमेल टाका. कुरिअरच्या पाकिटावर मालाचं नाव लिहू नका, विशेषतः औषधं असतील तर. नव्या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: तुमच्या वतीने दुसऱ्याने माहिती हाताळली आणि गळाली, तरी जबाबदारी तुमची. म्हणून मेसेज पाठवणाऱ्या एजन्सीशी लेखी करार करा.

कोचिंग क्लासवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर नव्या कायद्यानुसार पालकांची पडताळलेली संमती लागते. निकालानंतर चौकाचौकात लागणाऱ्या फ्लेक्सवरचे फोटो आणि टक्केही पालकांना विचारूनच छापावेत. सगळ्यांनाच ते आवडतं, हा आपला समज आहे.

सहावी पायरी: ग्राहकाला सांगा

संमतीच्या सूचनेत वकिली भाषा नको. कायद्यातच ती साध्या भाषेत हवी असं म्हटलं आहे, आणि ग्राहकाला ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. मराठीही त्यात आहेच. कूलरच्या दुकानासाठी नमुना असा:

‘तुमचं नाव, मोबाइल आणि पत्ता आम्ही फक्त दुरुस्तीला माणूस पाठवायला घेतो. ३१ जुलैनंतर पत्त्याची चिठ्ठी नष्ट करतो. पुढच्या हंगामात सर्व्हिसिंगची आठवण हवी असल्यास या चौकटीत खूण करा. नको वाटेल तेव्हा याच नंबरवर “बंद” लिहून पाठवा. माहिती पाहायची, दुरुस्त करायची किंवा काढून टाकायची असेल तर दुकानात सांगा. समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.’

चौकट रिकामी असावी, आधीच खूण छापलेली नको. आणि ‘बंद’ आलं की खरंच बंद करा.

सातवी पायरी: वेळेवर काढून टाका

यादीच्या शेवटच्या रकान्यात तारीख हवी. जीएसटीचे कागद ७२ महिने, हे वर आलंच. औषध दुकानातलं शेड्यूल एच-१ चं (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या ठरावीक औषधांचं) रजिस्टर ३ वर्षं ठेवावं लागतं. ज्याला कायद्याची मुदत नाही त्याची मुदत तुम्ही ठरवा आणि पाळा.

कागद रद्दीवाल्याला देऊ नका. आपल्याकडे रद्दीचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. चौकातल्या गाडीवर आलूबोंड्याखाली जो कागद येतो तो कोणाच्या तरी ऑफिसातला फॉर्म असतो, आणि तेल पिऊन पारदर्शक झाला तरी मोबाइल नंबर स्वच्छ वाचता येतो. लहान श्रेडर घ्यायचा तर आडवा-उभा दोन्हीकडून कापणारा घ्या. नुसत्या लांब पट्ट्या काढणाऱ्याचे तुकडे जोडता येतात. श्रेडर नसेल तर कागद फाडून बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी हाताने लगदा करा. जाळू नका.

जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देण्याआधी गुगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. मेमरी कार्ड राहून जातं.

आणि तरीही गेलीच तर

समजा रविवारी संध्याकाळी बर्डीच्या गर्दीत दुकानाचा मोबाइल मारला गेला. क्रम असा ठेवा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि खातं थांबवा. कंपनीला फोन करून सिम बंद करा. गुगलच्या ‘फाइंड’ सेवेतून मोबाइल लॉक करा, मिळण्याची आशा नसेल तर पुसून टाका. ठाण्यात तक्रार द्या, तिची प्रत आणि आयएमईआय क्रमांक (हँडसेटचा ओळख क्रमांक) वापरून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करा. आयएमईआय आजच खोक्यावरून लिहून ठेवा, मोबाइल गेल्यावर सापडत नाही. त्याच नंबरचं नवं सिम घेऊन व्हॉट्सॲप पुन्हा चालू केलं की जुन्या मोबाइलवरचं बंद पडतं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. तासाभराच्या आत कळवलं तर रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

संगणकात कोणी घुसलं किंवा डेटा फुटला तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं. नवे नियम लागू झाले की डेटा संरक्षण मंडळालाही विनाविलंब कळवावं लागेल आणि ७२ तासांत तपशील द्यावा लागेल.

मग ग्राहकांना मेसेज. इथे बहुतेक जण गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात ठगांचे फोन सुरू होतात. मेसेज असा:

‘नमस्कार. रविवारी आमच्या दुकानाचा मोबाइल चोरीला गेला. त्यात तुमचं नाव, नंबर आणि दुरुस्तीच्या तारखा होत्या. बँकेची माहिती नव्हती. सिम आणि मोबाइल बंद केला आहे, पोलिसांत तक्रार दिली आहे. आमच्या नावाने कोणी वॉरंटी, रिफंड किंवा लिंक म्हणून फोन केला तर काहीही उघडू नका, ओटीपी सांगू नका. शंका असल्यास थेट दुकानात या किंवा याच नंबरवर फोन करा.’

‘बँकेची माहिती नव्हती’ हे वाक्य खात्री असेल तरच लिहा. ग्राहकांची यादी चोरीला गेलेल्या मोबाइलमध्येच होती तर मेसेज पाठवायचा कोणाला, हा प्रश्न येतो. शनिवारची हार्ड डिस्क त्यासाठीच घरी ठेवलेली असते. पुढचे दोन-तीन दिवस काउंटरवर एक माणूस फक्त फोन उचलायला बसवा. त्याच्यापुढे वही ठेवा आणि कोणाला ठगाचा फोन आला, कोणत्या नंबरवरून, काय म्हणाला, हे लिहून घ्यायला सांगा. पोलिसांना पुढे तीच वही लागते. संध्याकाळी ती कुलुपात जाते.